नेगेवमध्ये घडलेलं कोकण

१९५२ साली इस्रायलमधून सुमारे दीडशे बेने इस्रायली, म्हणजे कोकणी मुळाची मराठीभाषक ज्यू माणसं मुंबईला परत आली. नव्या राष्ट्रात जाऊन त्यांना जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती. बीरशेबाला त्यांची वस्ती होती. काम मिळत नाही, घर म्हणून जे दिलंय त्यात राहवत नाही आणि कातडीचा रंग बघून वागवलं जातं, या तक्रारी घेऊन ती तेल अवीवला ज्यू एजन्सीच्या दारात ठिय्या देऊन बसली होती. काळ्यांनी काळा पाव खावा, असं ऐकवलं जातं, ही तक्रार तेव्हाच्या वर्तमानपत्रांतही आली. मागणी एकच होती, आम्हाला घरी पाठवा. एजन्सीने अखेर पाठवलं. मुंबईत उतरल्यावर काही काळातच यांतल्या अनेकांनी पुन्हा इस्रायलला जाण्यासाठी खटपट सुरू केली, आणि ती गेलीही.

हा प्रसंग कधी वर्णद्वेषाचा दाखला म्हणून सांगितला जातो, कधी माणसांच्या धरसोडीचा. मला त्यात वेगळंच काही दिसतं. दोन संस्कृतींमध्ये राहणाऱ्या माणसाला मागचं घर आठवतं, हे आपण गृहीत धरतो. जणू ती आठवण बोचक्यात बांधूनच तो निघालेला असतो. बेने इस्रायलांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला तर उलट वाटू लागतं. कोकणाची जी ओढ आज दिमोना, अश्दोद, लोद, रामला इथल्या मराठी मुळाच्या घरांत दिसते, तिचा मोठा भाग कोकणात तयारच झालेला नव्हता. तो इस्रायलमध्ये, इस्रायलने दिलेल्या वागणुकीतून आणि इस्रायलने मोकळ्या ठेवलेल्या जागेतून घडला.

पूर्वपीठिका मराठी वाचकाला थोडीफार ठाऊक असते. नवगावच्या किनाऱ्याशी फुटलेलं गलबत, वाचलेली सात जोडपी, तेलाचे घाणे, शनिवारी काम बंद म्हणून 'शनिवार तेली' ही ओळख. पेणकर, रोहेकर, केहिमकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली आडनावं. कोणत्या शतकात आले यावर एकमत नाही, आणि या लेखापुरतं त्याने बिघडतही नाही. महत्त्वाचं हे की शतकानुशतकं त्यांच्याकडे हिब्रू ग्रंथ नव्हते. सुंता, शब्बाथ, खाण्याचे काही नियम आणि 'शेमा' ही एक प्रार्थना एवढ्यावर त्यांचा धर्म उभा होता. सणांची नावं मराठीच होती: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, दार बंद करून उपास करायचा दारफाळणीचा सण.

जेरुसलेमची ओढ त्यांच्यात एकसारखी तेवत होती असं म्हणणं म्हणूनच कठीण आहे. ती बऱ्याच अंशी शिकवली गेली. शिकवणाऱ्यांत कोचीनचे ज्यू होते, तसेच ख्रिस्ती मिशनरीही होते. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. बायबलचा जुना करार मराठीत आला आणि कोकणातल्या घाणेवाल्यांच्या नातवंडांना अब्राहम-मोशेच्या गोष्टी मायबोलीत वाचायला मिळाल्या. धर्मांतर घडवण्याच्या हेतूने शिकवलं गेलं, त्यातून झाले ते जास्त पक्के ज्यू. १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हगादामध्ये, म्हणजे सणाच्या रात्री वाचायच्या पोथीत, वल्हांडणाच्या भाकरी करणाऱ्या बायका नऊवारी वळणाने लुगडं नेसून जमिनीवर बसलेल्या दाखवल्या आहेत. मजकूर मिसरातून सुटकेचा, चित्र रायगड जिल्ह्यातल्या स्वयंपाकघराचं. त्या काळच्या माणसांना यात काही विसंगती जाणवली असेल असं वाटत नाही. १८९७ च्या पहिल्या झायोनिस्ट अधिवेशनाचं निमंत्रण आलं तेव्हा मुंबईच्या बेने इस्रायलांनी ते नाकारलं. परत नेणारा देव आहे, तो नेईल तेव्हा जाऊ, असा त्यांचा पवित्रा होता.

दुसरी गोष्ट सहसा निसटते. १९४८ नंतर गेलेल्यांपैकी बहुतेक जण कोकणातून गेलेच नव्हते. कोकण त्यांच्या पणजोबांनी सोडलं होतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही मंडळी कंपनीच्या पलटणीत, पुढे रेल्वे, पोलीस, टपाल, इस्पितळं, शाळा आणि सरकारी कचेऱ्यांत शिरली. १७९६ साली मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेलं 'शआर हारहामीम' म्हणजे जुनी मशीद. हो, सिनेगॉगला ते मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर स्थानकाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. म्हणजे जे सुटलं ते भायखळा, माझगाव, पुण्याची रास्ता पेठ, अहमदाबाद, कराची. आठवणीत मात्र नारळी-पोफळी येतात. रामल्यातल्या 'मागेन शालोम' या सिनेगॉगने कराचीच्या सिनेगॉगचं नाव चालवलं आहे. मूळ वास्तू १९८८ साली पाडली गेली. कराचीच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची आठवण मुंबईवाल्यांच्या आठवणीहून वेगळी असणार, पण तिच्यावर फारसं कुणी लिहिलेलं नाही. कारण उघड आहे. त्या आठवणीला भारत हे नावही लावता येत नाही आणि पाकिस्तान हेही.

१९५१ च्या जनगणनेत भारतात २६ हजारांहून जास्त ज्यू होते, त्यांतले बहुसंख्य बेने इस्रायली. २००१ मध्ये हा आकडा पाच हजारांच्या आत आला. इस्रायलमधल्या भारतीय मुळाच्या ज्यूंची संख्या आज साधारण ८० हजार सांगितली जाते. इतकं मोठं स्थलांतर, पण त्यामागे छळ नाही. इराकच्या किंवा येमेनच्या ज्यूंसारखं त्यांना कुणी हुसकावलं नाही. ब्रिटिश गेले, नोकऱ्यांचं भवितव्य धूसर झालं, नातलग निघाले, धर्माची हाक होती. स्वेच्छेने सोडलेल्या घराची आठवण ही हुसकावलेल्याच्या आठवणीहून अवघड असते. तिच्यात राग धरायला कुणी नसतो, आणि चूक झाली का हा प्रश्न जेवताखाताना डोकं वर काढतो.

इस्रायलमध्ये पोचल्यावर बहुतेकांना विकासनगरं म्हणवल्या जाणाऱ्या नव्या वसाहतींत पाठवलं गेलं. दिमोना हे त्यांतलं ठळक नाव. नेगेवच्या वाळवंटातल्या या गावाचं पोट कापड कारखान्यांवर आणि मृत समुद्राकाठच्या खनिज उद्योगावर होतं. कालपर्यंत व्ही. टी.ला फाइली सांभाळणारा कारकून तिथे पाळीवर उभा राहिला. पण खरा घाव आला तो धर्मपीठाकडून. यांच्या पूर्वजांनी घटस्फोट आणि विधवाविवाह ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे केले होते का, बाहेरच्यांशी लग्नं झाली होती का, असे प्रश्न निघाले. १९६२ साली मुख्य धर्मगुरू यित्झाक निसीम यांच्या काळात निर्देश निघाले: बेने इस्रायली व्यक्तीचं इतर ज्यूशी लग्न लावण्याआधी तिच्या आईकडच्या पिढ्या जमेल तितक्या मागेपर्यंत तपासाव्यात.

ज्यांनी दोन हजार वर्षांच्या परंपरेच्या जोरावर देश सोडला, त्यांना तुम्ही खरे ज्यू आहात का, असं विचारलं गेलं. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांचं धरणं बसलं, देशभरातून माणसं आली. ऑगस्टमध्ये क्नेसेटचं, म्हणजे संसदेचं, खास अधिवेशन झालं. बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, त्यांना वेगळं काढू नये, अशी भूमिका सरकारने घेतली, आणि निर्देशांतून त्यांचं नाव काढलं गेलं. ठिय्या, उपोषण, शांततेने बसून राहणं ही हत्यारं त्यांनी कुठून आणली हे निराळं सांगायला नको. भारतीय म्हणून ते एकत्र उभे राहिले ते या वेळी. मुंबईत असताना भारतीय असणं ही मिरवायची बाब नव्हती, सगळेच भारतीय होते. तिथे आपण इस्रायल आहोत हे सांगायचं असे. इस्रायलमध्ये सगळेच इस्रायली, तेव्हा वेगळेपणा उरला तो भारताचा. ज्या खुणेवरून हिणवलं गेलं तीच खूण उचलून छातीवर लावायची, ही गोष्ट जगभर घडते. यांच्या बाबतीत तिची तारीख जवळपास सांगता येते, इतकंच.

या आठवणीने काय वगळलं तेही पाहावं. भारतात आमच्याशी कुणी कधी वाईट वागलं नाही, हे वाक्य या समाजाच्या प्रत्येक सभेत ऐकू येतं. ज्यूद्वेषाच्या अर्थाने ते खरंच आहे, आणि मराठी माणसाला ऐकायला गोडही वाटतं. पण कोकणातून येताना जातीची घडीही सोबत आली होती. समाजातच 'गोरे' आणि 'काळे' इस्रायल असे दोन थर होते. मिश्र संबंधांतून जन्मलेल्यांचे वंशज ते काळे. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही, कधी कधी भांड्यांना शिवणंही नाही. मुंबईतल्या श्रीमंत बगदादी ज्यूंनी पुढे हीच मोजपट्टी सगळ्याच बेने इस्रायलांना लावली. रंगूनच्या सिनेगॉगमध्ये त्यांना मताचा हक्क असावा की नाही हा वाद १९३० च्या दशकात न्यायालयात गेला, आणि निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला. म्हणजे शुद्ध कोण, हा प्रश्न त्यांना १९६२ साली पहिल्यांदा भेटला असं नाही. तो त्यांनी विचारलाही होता आणि झेललाही होता. आजच्या आठवणीत फक्त शेवटचा अंक राहिला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय, दोन्ही वंशांचा भरीव वाटा दिसला. धर्मपीठाच्या चौकशीला हे उत्तर म्हणावं तर तेच उत्तर घरातल्या गोऱ्या-काळ्यालाही लागू पडतं.

आता काय टिकलं ते. सगळ्यांत घट्ट टिकला तो मलिदा. पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा कालवून ताटात ढीग करायचा, वर फळं आणि फुलं मांडायची, एलियाहू हनावीचं, म्हणजे प्रेषित एलियाहूचं, नाव घेऊन प्रार्थना म्हणायची. नवस फेडताना, लग्नाआधी, घरभरणीला. अभ्यासकांना त्यात पिराच्या मलिद्याचा आणि सत्यनारायणाच्या प्रसादाचा शेजार दिसतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एक खडक आहे. एलियाहूचा रथ तिथून आकाशात गेला, चाकांच्या आणि टापांच्या खुणा उरल्या, अशी श्रद्धा आहे. तू बिश्वात या झाडांच्या सणाच्या सुमारास तिथे माणसं जमतात. इस्रायलला गेलेल्यांनी या खडकाला पर्याय शोधला तो हैफातल्या कार्मेल डोंगरावरची एलियाहूची गुहा. बायबलमधल्या एलियाहूचा गाजलेला प्रसंग कार्मेलवरच घडतो, तेव्हा कोकणी दैवत आपल्या जागी परतलं असंही म्हणता येईल. मात्र गुहेत जाणारी आजी पोह्यांचं ताट घेऊन जाते. आता मुलगा किंवा मुलगी सैन्यात भरती होताना आणि सुखरूप परतल्यावर मलिदा होतो. कोकणात ज्यासाठी तो कधीच केला नव्हता त्यासाठी.

मेंदीही टिकली, नव्हे वाढली. हिरव्या बांगड्या, साडी, डोक्याला फुलं, गाणी. याचं श्रेय फक्त परंपरेच्या प्रेमाला देता येत नाही. इस्रायलमध्ये मोरोक्कन आणि येमेनी ज्यूंच्या लग्नांतही मेंदीची रात्र असते. त्यासाठी दालनं आहेत, वाजवणारे आहेत, पाहुण्यांना काय घालून यायचं हे माहीत आहे. म्हणजे तिथल्या समाजात मेंदीसाठी एक जागा तयार होती, बेने इस्रायल मेंदी त्या जागेत नीट बसली. मोरोक्कन ज्यूंचा मिमूना हा घरगुती सण सत्तरच्या दशकापासून राष्ट्रीय सोहळा झाला आणि प्रत्येक गटाने आपापलं खाणं-गाणं-नेसणं घेऊन व्यासपीठावर यावं ही रीत रुळली. भारतीयांनीही साडी, सामोसे आणि नाच घेऊन ते व्यासपीठ गाठलं.

ज्याला जागा नव्हती ते गळलं. दारफाळणीचा सण योम किप्पुर झाला, बिरड्याचा सण तिशा बाव झाला. बिरड्यांसाठी वाल सोलत बसणारी माणसंही कमी झाली. हिब्रू पंचांग सरकारीच असल्यावर मराठी पंचांगाला कोण विचारणार? खाण्यात मात्र एक गंमत आहे. मांस आणि दूध एकत्र चालत नाही म्हणून या समाजाने कोकणात नारळाच्या दुधावर अख्खी पाककला उभी केली. गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातलाच. इस्रायलमध्ये ते दूध डब्यातून मिळतं आणि हलवा होतो. द्राक्षाची वारुणी दुर्मीळ म्हणून काळ्या मनुकांचं सरबत किद्दूश या शब्बाथच्या प्रार्थनेला वापरत. वारुणीच्या देशात गेल्यावर त्याची गरज संपली, तरी काही घरांत ते अजून करतात. गरजेतून आलेली गोष्ट गरज संपल्यावर ओळख होते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

भाषेचं काय झालं हा या आढाव्यातला सर्वांत दुखरा भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या बेने इस्रायलांनी कीर्तनाचा घाट उचलला आणि मोशे, योसेफ, एलियाहू यांची आख्यानं मराठीत, ओवी-साकी-दिंडीच्या चालींवर लावली. हरिदासी परंपरा आणि तोराह यांची अशी गाठ दुसऱ्या कुठल्या ज्यू समाजात नाही. ॲना शुल्झ या संगीत-अभ्यासिकेने इस्रायलमधल्या वृद्ध स्त्रियांकडून ही गाणी ऐकून त्यांवर काम केलं आहे. वह्यांत देवनागरीत उतरवलेली ही पदं आज्यांना येतात, मुलींना चाल येते, नातींना एखादा शब्द. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमधून अनेक वर्षं निघत आलं. २०१७ साली पंतप्रधान मोदी तेल अवीवला गेले तेव्हा भाषणात त्याचा उल्लेख झाला. उल्लेखाने वर्गणीदारांचं वय कमी होत नाही. नव्या राष्ट्राने सुरुवातीपासून एकच भाषा हा आग्रह धरला आणि यिद्दिशसारखी लाखोंची भाषाही त्यापुढे मागे हटली. मराठीची गोष्टच नको.

मराठीच्या रिकाम्या खुर्चीवर हिंदी येऊन बसली, आणि तीही सिनेमातली. राज कपूरचे चित्रपट पन्नास-साठच्या दशकांत इस्रायलमध्ये सगळ्यांनीच डोक्यावर घेतले होते. त्यामुळे भारतीय म्हणजे काय, याचं एक चित्र शेजाऱ्यांकडे तयार होतं, आणि तिसऱ्या पिढीने तेच स्वीकारलं. दिमोनाच्या मुलीच्या लेखी आजीचा देश म्हणजे हिंदी गाणं, लेहेंगा, पनीर. आजीने आयुष्यात पनीर केलेलं नसतं. ही पिढी सैन्यातून सुटल्यावर मित्रांसोबत भारतात येते ती कसोल, धरमशाला, गोवा बघायला. त्यांतले काही वाट वाकडी करून अलिबागच्या इस्रायल आळीतलं सिनेगॉग आणि नवगावचं स्मारक पाहून जातात. १९९२ साली दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध सुरू झाल्यावर आजी-आजोबांच्याही फेऱ्या वाढल्या. मला या तिसऱ्या पिढीच्या भारताची टवाळी करावीशी वाटत नाही. आजीने कोकण तरी कुठे पाहिलेलं होतं? तिचा जन्म भायखळ्याचा.

शहराची आठवण खऱ्या अर्थाने टिकली असेल तर ती क्रिकेटमध्ये. बीरशेबा, दिमोना, अश्दोदच्या मैदानांवर हा खेळ मुख्यत्वे भारतीय मुळाच्या माणसांनी जिवंत ठेवला. फुटबॉल आणि बास्केटबॉलने वेड्या झालेल्या देशात पाच दिवसांच्या खेळाबद्दल बोलणारे हे लोक शेजाऱ्यांना कसे वाटत असतील, कल्पना करावी.

साहित्यात पाहिलं तर एक फट स्पष्ट दिसते. या समाजाची उत्तम कथनं मराठीबाहेरची आहेत. कवी निसीम इझिकेल मुंबईतच राहिले आणि इंग्रजीत लिहीत राहिले. मीरा महादेवन यांनी, जावं की राहावं या पेचात सापडलेल्या बेने इस्रायली कुटुंबाची कादंबरी 'अपना घर' हिंदीत लिहिली. अहमदाबादच्या एस्थर डेव्हिड यांना 'द बुक ऑफ रेचल'साठी २०१० चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. त्यांची नायिका कोकणातल्या गावी एकटी उरलेली म्हातारी आहे, मुलं इस्रायलमध्ये. सोफी ज्यूडा इस्रायलमध्ये राहून भारतातल्या ज्यूंच्या कथा इंग्रजीत लिहितात. इंग्रजी-हिंदीतल्या या लेखनात घराचा प्रश्न सोडवायचा असतो, मराठी वह्यांत तो नसतोच. तिथे एलियाहूची आळवणी असते, लग्नातली थट्टा असते. मराठीत जे आहे ते आठवण नव्हे, चालू आयुष्य होतं. ते संपलं तेव्हा त्याच्याबद्दल आठवणी लिहिणारी पिढी दुसऱ्या भाषांत गेलेली होती.

आणि जे गेले नाहीत ते? ठाण्यात १८७९ सालचं 'शआर हाशामायीम' आजही नांदतं आहे, महाराष्ट्रातली बेने इस्रायलांची सर्वांत गजबजलेली वस्ती त्याच्या भोवती आहे. पनवेल, पेण, रोहा, रेवदंडा, बोर्ली इथली सिनेगॉगं कधी प्रार्थनेसाठी लागणारे दहा पुरुष जमतात म्हणून उघडतात, कधी पर्यटक येतात म्हणून. २०१६ साली राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. मागे राहिलेल्यांचीही एक ओढ असते, तिच्याकडे संशोधकांचं लक्ष कमी जातं. त्यांना आठवतं ते दुसरं ठिकाण नसतं, याच ठिकाणची भरलेली गल्ली असते, आणि फोनवरच्या नातवंडांशी बोलताना हिब्रू अपुरं पडतं.

महाराष्ट्राने या सगळ्यात काय केलं, असं विचारलं तर उत्तर त्रोटक आहे. काम झालं ते बहुतेक बाहेर. इस्रायल म्युझियमने १९९५ साली भारतातल्या ज्यूंवर मोठं प्रदर्शन भरवलं. केहिमकरांनी १८९७ च्या सुमारास लिहून पुरा केलेला समाजाचा इतिहास १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. मानववंश-अभ्यासिका शाल्वा वाइल यांनी लोदमधल्या वस्तीत राहून संशोधन केलं. बेने इस्रायली कीर्तनाच्या वह्या मात्र मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात मला कुठे भेटलेल्या नाहीत. त्या वाचू शकणारी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत, बहुतेक दिमोना-अश्दोदला, आणि त्या ओव्यांचे छंद ओळखू शकणारे प्राध्यापक पुण्या-मुंबईत.